बाबांचं बटण

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या उशाजवळची घंटी काढायला बसले. काम पाच मिनिटांचं, एक बटण आणि एक वायर. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हा ती मीच बनवली होती. त्यांनी बटण दाबलं की शेजारच्या खोलीत माझा कॉम्प्युटर वाजायचा. ड्रायव्हर, म्हणजे वस्तू आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करणारे प्रोग्रॅम, लिहिण्यावर माझं पोट चालतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते बटण म्हणजे आणखी एक कीबोर्डच, म्हणून बाबा वहीत लिहून चिडवायचे, "बापाला नेऊन कीबोर्डाच्या रांगेत बसवलंस!"

ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं, कॉम्प्युटर झोपला असेल तर ही वस्तू त्याला उठवू शकते का? हो की नाही. मी घाईत ऑफिसातला जुना ड्रायव्हर उचलला आणि त्यातलं 'नाही' बदलायचं राहून गेलं. कॉम्प्युटर जागा असायचा तेव्हा घंटी चोख वाजायची, त्यामुळे कळलंच नाही. त्या दुपारी माझा डोळा लागला, पाठोपाठ कॉम्प्युटरही झोपला. चहा घेऊन गेले, तेव्हा बाबांचं बोट बटणावरच होतं... गार. ती चूक माझीच, आणि ती मला आतून खाते.

तर बटण काढून कपाटात ठेवलं, ड्रायव्हर पुसला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी झोपलेल्या कॉम्प्युटरची स्क्रीन आपोआप उजळली. खोलीत त्यांच्या औषधाचा वास आला.

"माऊस हलला असेल गं," भेटायला आलेला दादा म्हणाला.

आम्ही माऊस, कीबोर्ड, इंटरनेटची वायर, सगळं काढून टाकलं. स्क्रीन काळी झाली... आणि पुन्हा उजळली. आपल्याला कुणी उठवलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. कीबोर्ड परत जोडून ती मी उघडली.

"काय लिहिलंय?"

"बाबांचं बटण..."

"ते तर कपाटात आहे ना?" दादा कुजबुजला. "बंद कर हा कॉम्प्युटर. देऊन टाक कुणाला तरी."

माझ्याच्याने होईना. दादा गेल्यावर मी ड्रायव्हर पुन्हा चढवला, 'नाही'चं 'हो' केलं आणि रडत म्हटलं, "बाबा, आता उठवा..."

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही आपोआप उठलेला नाही. आता दुपारी मलाच जाग येते, कुणीतरी घाईघाईने हलवल्यासारखी. मी धावत त्यांच्या खोलीत जाते. पलंग रिकामाच असतो. माझ्या दंडावर मात्र बोट रुतल्याचा एक खळगा असतो, आणि तो भरून यायला अख्खी संध्याकाळ लागते.