खिडकीतलं ठेंगू झाड

रोपवाटिकेत मालकाचा शब्द शेवटचा आणि घरात त्याच्या बायकोचा, अशी वाटणी असल्याने दोन्हीकडे शांतता नांदत होती. मग कुंपणाजवळच्या सुरूच्या एका फांदीला झुपका आला. शेकडो बारीक काड्या एकाच जागी दाटीवाटीने फुटलेल्या, जशी कुणी केरसुणी उलटी खोचावी.

"कापा आणि जाळा. बघवत नाही मला," बायको म्हणाली.

"अगं, यातूनच तर ठेंगू झाडं करतात! झुपक्याचं टोक घ्यायचं, निरोगी रोपावर कलम बांधायचं. जन्मभर कुंडीत मावतं."

"रोग्याचं घेऊन निरोग्याला बांधायचं?"

"याला शास्त्र म्हणतात."

"मग शास्त्राला आधी हात धुवायला सांगा."

कलम पहिल्याच खेपेला धरलं. मालकाची कलमं सहसा मरत नसत. त्यांची तशी हिंमतच होत नसावी. वीतभर उंचीचं ते गोलमटोल झाड त्याने कौतुकाने पहिलीतल्या नातीच्या खिडकीत ठेवलं. चिमीने त्याला स्वतःची टोपी घालून पाहिली.

काही दिवसांनी शेजारच्या कुंडीतल्या गुलाबाला तसाच झुपका फुटला. "किडे पसरवतात हे," म्हणत मालकाने कोणाला न दिसणारे किडे मोठ्या आत्मविश्वासाने फवारून मारले.

मग खिडकीच्या चौकटीला फुटला. जुनं, वाळलेलं, तीनदा रंगवलेलं लाकूड. त्यातून रंग फोडून कोवळ्या काड्या बाहेर आल्या होत्या.

"ओल धरली असेल," मालक म्हणाला.

"मेलेल्या लाकडाला पालवी फुटते ओलीने?"

"ओल फार वाईट."

"ते झाड आधी माझ्या नातीच्या खोलीतून काढा."

"काढतो गं. कुंडी भरली की मोठीत हलवायचंच आहे."

त्या आठवड्यात चिमीची वेणी घालताना कंगवा कानामागे अडला. तिथे बोटभर जागेत बारीक, राठ केसांचा इतका दाट झुपका होता, की त्यात कंगव्याचा दातही शिरेना. बायकोने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. मालक काडेपेटी शोधायला उठला.

त्याने झाड जाळलं. गुलाब आणि सुरूची फांदी जाळली. चौकट करवतीने कापून काढली. झुपका भादरला आणि कात्री स्पिरिटने पुसली. चार महिने गेले. कानामागे साधे, मऊ केस आले.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "वेळेवर छाटलं की विषय संपतो."

"संपला म्हणा बाई," ती म्हणाली आणि कित्येक दिवसांनी हसली.

एका सकाळी चिमी उड्या मारत आली. तळहातावर दुधाचा दात होता.

"आजोबा, पडला! आणि नवा आलासुद्धा. जिभेला लागतोय."

"इतक्यात? भलतीच घाई. आ कर बघू."

त्याने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

दाताच्या रिकाम्या जागी खसखशीएवढे पांढरे दात होते. एकाला एक चिकटलेले.

"केवढा आहे?" तोंड उघडंच ठेवून चिमीने विचारलं.

तो मोजत होता.

मोजून होईपर्यंत कडेला आणखी दोन आले.