बंद लाइनवरचा लोड

"तुझ्या बाबांना विचार ना, ढग आले की आधी कोणाची लाइट घालवतात?"

हे मला चिमणीने विचारायला लावलं. चिमणी म्हणजे टेलरकाकांची मुलगी, माझी जिवाभावाची मैत्रीण. बाकीच्या पोरी मागे उभ्या राहून खिदळत होत्या. "विचारलंस तर मानलं तुला," असं कोणी म्हटलं की मी मागे हटत नाही. पूर्वी हटायचे. वादविवादात पहिली आल्यापासून ते सोडलंय.

विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. ही रात्रीबेरात्रीची गोष्टही नाही. शाळा सुटल्यावरची वेळ होती, आभाळ कितीतरी दिवस भरलेलं आणि वारा पडलेला होता, तरी बाहेर चांगला उजेड होता.

आमच्या वसाहतीत बाहेरून वीज येत नाही. टेकडीवर सोलर पॅनल, त्यांच्या वर पवनचक्क्या, खाली बॅटऱ्यांनी भरलेली खोली. एवढ्यावर सगळी घरं, दवाखाना आणि पाण्याचा पंप. येतेय किती, जातेय किती, याचा हिशोब एक कॉम्प्युटर करत बसतो. बॅटरी उतरायला लागली की तो घरांच्या लाइन एकेक करून बंद करतो. आधी कोणती, ते ऑपरेटर ठरवून ठेवतो.

ऑपरेटर म्हणजे माझे बाबा.

त्यामुळे सगळ्यांना संशय. "ऑपरेटरच्या घरी काय बाई, कायम लखलखाट," हे मी पाण्याच्या रांगेत लहानपणापासून ऐकलंय.

कंट्रोल रूममध्ये शिरले आणि थेट विचारून टाकलं.

बाबा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "आपली."

"काय?"

"आपली लाइन पहिली. सुरुवातीपासून. कोणी बोट दाखवायला नको."

मला इतका अभिमान वाटला ना. उद्या चिमणीचं तोंड कसं होईल, तेच डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात बॅटरी उतरली. स्क्रीनवर आमच्या घराचा हिरवा ठिपका लाल झाला. शेजारचा आकडा शून्यावर आला.

मग...

तो आकडा हलला.

थोडा वर. थोडा खाली. परत वर.

"बाबा, लाइन बंद आहे ना?"

"हो."

"मग वीज कोण खातंय? आई तर दवाखान्यात ड्यूटीवर आहे."

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"ढगाळ असलं की येतो हा लोड, आजवर दिवसाच, आपण तिघंही बाहेर असताना," ते म्हणाले. "मीटर बदलून झाला. वायर बदलून झाली."

"मी बघून येते."

"नको जाऊस, बाळा."

गेलेच.

दार उघडलं. फ्रिज गप्प. पंखा गप्प. नळाचा एक थेंब पडला तेवढाच.

आणि आतल्या खोलीतून...

फुस्स... टक.

फुस्स... टक.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. आत्या आमच्याकडे राहायची तेव्हा तिच्या ऑक्सिजनच्या मशीनचा हा आवाज दिवसभर चालू असायचा. मी त्याच्या तालावर पाढे म्हणायचे. आत्या हसता हसता खोकायची. "अगं भवाने, हसवू नकोस, माझी हवा मोजून मापून येते," म्हणायची.

आत्या जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. मशीन दवाखान्याला परत दिलं होतं.

खोलीत रिकामा पलंग होता आणि गुंडाळलेली गादी. आवाज उशाकडून येत होता.

मी उभी राहून ऐकत होते. मग लक्षात आलं...

मी त्याच तालावर श्वास घेत होते. फुस्सला आत. टकला बाहेर.

ताल हळू झाला.

फुस्स...

...टक.

मग एक लांबलचक शिट्टी. बॅटरी संपली की मशीन वाजवायचं ती.

मग काहीच नाही.

माझा श्वासही नाही. छाती हलेचना. भिंतीला धरत, धडपडत अंगणात आले तेव्हा कुठे हवा आत गेली.

त्या संध्याकाळी मी आईबाबांना समोर बसवलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. आत्या झोपेत गेली, असं मला सांगितलं होतं.

"असेच ढग होते," बाबा म्हणाले. "रोज आपली लाइन आधी जायची. मशीनला वेगळी छोटी बॅटरी होती, तिच्यावर ते चालेल असं मी धरून चाललो. पण रोज लाइट जाते म्हटल्यावर ती भरणार कधी? कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा. या लाइनवर आजारी माणसाचं मशीन आहे, तरी बंद करायची का? मी हो म्हटलं."

"का पण?"

"लोक म्हणाले असते, बहिणीच्या नावाखाली स्वतःचे दिवे चालू ठेवतो."

अख्ख्या वसाहतीच्या बॅटऱ्या सांभाळणारा माणूस. घरातली एक बघायची राहिली.

"मी ड्यूटीवर, तू शाळेत," आई म्हणाली. "एकटीच होती ती."

मग डोळे पुसून म्हणाली, "आता पुरे झालं. आपली लाइन शेवटी टाका."

दुसऱ्या दिवशी बाबांनी टेलरकाकांची लाइन पहिली लावली. आमच्याकडे दिवे राहिले. आतल्या खोलीत चिडीचूप. आई चक्क गुणगुणत भांडी घासत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चिमणी शाळेत आली नाही.

मी तिच्या घरी गेले. ती पायरीवर बसली होती, अंगाभोवती चादर घट्ट ओढून.

"काल लाइट गेल्यावर आमच्याकडे काहीतरी वाजत होतं गं," ती म्हणाली. "फुस्स, टक, असं. मला वाटलं बाबांचं शिलाई मशीन. पण ते तर बंद होतं. मग शिट्टी वाजली आणि मला श्वासच घेता येईना. आईने पाठीत धपाटे घातले तेव्हा आला."

चादर आणखी ओढून घेत तिने विचारलं, "विचारलंस का गं बाबांना?"

एवढी बोलकी मी. दप्तर उचललं आणि थेट कंट्रोल रूमकडे पळाले.

बाबांनी नंतर नाना उपाय केले. पंप दुपारीच चालवून घेतला, रस्त्यावरचे दिवे बंद ठेवले, सगळ्यांना हात जोडून वीज जपून वापरायला सांगितलं. पण ढगांपुढे कोणाचं चालतं? कोणाची तरी लाइन पहिली जातेच. ज्यांची जाईल, त्यांच्या घरी तो आवाज जातो. बाबांनी नोकरी सोडली तरी काय, त्या खुर्चीत जो बसेल तोही कोणाची तरी घालवणारच.

आज जेवताना आई म्हणाली, "आपलीच लाइन परत पहिली लावा. लोकांची पोरं नकोत. आपण घराला कुलूप घालून दवाखान्यात जाऊन बसू. वाजू दे रिकाम्या घरात काय वाजायचंय ते."

बाबांनी मान डोलावली. हातातला घास तसाच होता.

उपाय बिनतोड होता. मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

पण रिकामं घर...

म्हणजे आत्या पुन्हा तशीच, एकटी. शिट्टी वाजणार, आणि ऐकायला कोणी नाही.

खिडकीतून टेकडी दिसत होती. पॅनलवर राखाडी आभाळ टेकलं होतं. उद्याही ऊन नाही, परवाही नाही. मी तिथे असले म्हणून काही थांबणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. बॅटरी संपणारच. आणि अडकलेला श्वास दर वेळी परत येईलच, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

मी ताट बाजूला सरकवलं आणि दोघांना सांगितलं, "कुलूप लावायचं नाही. लाइन गेली की मी आत्याच्या खोलीत बसणार. ती शिट्टी थांबेपर्यंत."