भुकेची तारीख

हेस्टर ऑर्डला राग आला की भूक लागायची. त्या शनिवारी ती इतकी संतापली होती की डरहॅमच्या बाजारात तिनं हॅम घातलेले दोन पाव घेतले, ताडपत्रीखालच्या एकुलत्या एका बाकावर बसली आणि पहिला पाव असा फोडला, जणू त्यानंच तिचा अपमान केला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक लांबोडका तरुण चहाचा मग धरून बसला होता. बाहीला शाई, कानामागे पेन्सिल, आणि डोळे... डोळे चांगले होते, पण हेस्टरला त्या दिवशी कुणाचंच काही चांगलं बघायचं नव्हतं.

“हळू,” तो म्हणाला. “पाव कुठं पळून जात नाही.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणीच नाही. पण ठसका लागला तर पाठ मलाच थोपटावी लागेल. इथं दुसरं कुणी नाही.”

तिला हसू येणार होतं, ते तिनं घासाबरोबर गिळून टाकलं. “मी शब्दकोशाच्या कचेरीत निघालेय,” ती म्हणाली. “तिथल्या एका दीडशहाण्याची खरडपट्टी काढायला.”

तरुणाचा मग ओठांपाशीच थांबला.

मग काय, हेस्टरनं सगळं ओकून टाकलं. गावोगावची माणसं जुनी पुस्तकं वाचून कोशासाठी चिठ्ठ्या पाठवत. वर शब्द, खाली साल, मग ते वाक्य जसंच्या तसं. ज्या वाक्याचं साल सगळ्यांत जुनं, त्याचा मान पहिला. खाणगावातली मास्तरीण हेस्टर सहा वर्षं इमानानं चिठ्ठ्या पाठवत होती. यंदा तिनं ‘रॅव्हनस’ या शब्दाची चिठ्ठी पाठवली, गावच्या चर्चमधल्या हस्तलिखित वहीतून उतरवलेली, साल १४१२. ती परत आली. कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच शब्द होता: शंकास्पद.

“सहा वर्षं राबले, आणि मी शंकास्पद?”

“चिठ्ठी शंकास्पद,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही नाही.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“कारण ते अक्षर... माझं आहे. विल्फ्रेड टेट. तिथला सहायक.”

हेस्टरनं दुसरा पाव खाली ठेवला. रागात असताना तिनं खाणं थांबवण्याची ही पहिलीच वेळ.

“बरं झालं, इथंच सापडलात. सांगा, मिस्टर टेट, या शब्दाचा अर्थ काय?”

“अधाशी. फार भुकेला.”

“आणि त्याआधी?”

त्यानं मान खाली घातली. “त्याआधी लुटारू. फ्रेंचांकडून आला हा शब्द. हिसकावून नेणाऱ्याला म्हणायचे. मग लांडग्याला म्हणायला लागले, आणि मग... भुकेल्या माणसाला. लोक उगाच रेव्हनशी, म्हणजे डोमकावळ्याशी, त्याचं नातं जोडतात. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही.”

“म्हणजे भुकेल्याला नाव दिलं ते चोराचं.” ती बाकावर त्याच्याकडे वळली. “अठराशे ब्याण्णवच्या संपात आमच्या खाणी बंद होत्या. मी दहा वर्षांची होते. मालकाची बायको सूप वाटायला आली. मी वाडगं चाटलं, तर मैत्रिणीला म्हणते कशी, बघ, किती रॅव्हनस आहेत ही माणसं. माझ्या आईसमोर म्हणाली. आईनं तेव्हा मान खाली घातली, ती मला अजून दिसते. आणि त्या वहीत काय लिहिलंय? ‘कापणीची माणसं रॅव्हनस होऊन आली, त्यांना पाव आणि बिअर दिली.’ बस. टोमणा नाही, उपकाराची भाषा नाही. इतक्या जुन्या काळी कुणीतरी भुकेल्याला नुसतं भुकेला म्हटलं. ते वाक्य सगळ्यांत आधी छापून यायला हवंय मला. आणि तुम्ही बसल्या जागी त्यावर पेन्सिल मारलीत.”

विल्फ्रेडनं हातातला चहा बाकावर ठेवला. मग म्हणाला, “वही मी पाहिली नव्हती. न पाहिलेलं घ्यायचं नाही, असा नियम आहे आमचा.”

“मग बघायची होती. पाय मोडले होते का?”

“पुढच्या शनिवारी येतो. त्यानंतरच्या मंगळवारी पानं छापखान्यात जाणार, त्याच्या आत.” तो उठला, घुटमळला. “तो दुसरा पाव... खाणार आहात?”

“घ्या,” हेस्टर म्हणाली. “शंकास्पद आहे.”

तो हसला, आणि त्याचं हसणं तिला आवडलं, याचा तिला आणखीच राग आला.

आठवडाभर ती त्याला मनात शिव्या घालत होती. शुक्रवारी शिव्या घालता घालताच तिनं निळ्या ब्लाउजला इस्त्री केली. शनिवारी तो आला, स्टेशनपासून तीन मैल बर्फाळ पावसात चालत, कान लालबुंद झालेले. तिनं पाद्रीबाबांकडून किल्ली आणून ठेवली होती. चर्चमागच्या खोलीत लाकडी पेटीतून तिनं वही काढली, आणि दोघं खिडकीपाशी वाकले. त्याच्या ओल्या कोटाला लोकरीचा वास येत होता. वेष्टनावर साल होतं, स्पष्ट. १४१२.

“दिसलं?” ती म्हणाली.

“दिसलं.” त्यानं पान उलटलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. एक पान खिडकीच्या उजेडात धरलं, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“बोला की.”

“मिस ऑर्ड... वेष्टन कातड्याचं आहे, जुनं आहे. आतली पानं कागदाची आहेत, बरीच नंतरची. जुन्या वहीचं कातडं काढून नव्या वहीला चढवायचे, चांगलं कातडं कोण फेकणार? आणि हे वळण बघा, ही अक्षरं. त्या कापणीच्या ओळीखाली त्या वेळच्या राणीच्या कारकिर्दीतलं सालही आहे, इथं, कोपऱ्यात. १५६३.”

हेस्टरनं वाकून बघितलं. पुसट होतं, पण होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतली सालं तपासणारी ती, आणि स्वतःच्या गावच्या वहीत वेष्टन बघून थांबली होती.

“दीडशे वर्षं,” ती म्हणाली.

“कोशात तिच्याआधी आता दुसऱ्या पाच जुन्या ओळी लागतील.”

“आणि हे सांगायला तीन मैल चालत आलात?” ती उसळली. “कोण बघणार होतं? वेष्टनावर साल आहे, तुम्ही हो म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. इतकं साधं होतं.”

“हो. इतकं साधं होतं.” आता तोही चिडला होता, आणि चिडल्यावर त्याचं घुटमळणं पार पळालं. “गाडीत बसल्यापासून तेच ठरवलं होतं मी. वहीत काहीही असो, हो म्हणायचं. तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघून रागावल्याशिवाय हसावं, एवढ्यासाठी मी खोटं साल लिहायला तयार होतो. बारा वर्षांच्या नोकरीत असं कधी मनात आलं नव्हतं. पण ही ओळ मी वाचली, आणि... नाही जमलं. त्या माणसांना कुणीतरी खरं लिहून ठेवलंय. त्यांच्या नावावर मी खोटं कसं लिहू?”

हेस्टरनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला आपल्या रडण्याचाही राग आला होता.

“ओळ खरी आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पहिली नाही. खरी आहे. कोशात जाईल, तिच्या स्वतःच्या सालाखाली. त्यासाठी मी कुणाशीही भांडेन.”

“भांडण तुम्हाला जमत नाही.”

“आत्ता जमलं की थोडं.”

तिनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. तिची बोटं त्याच्या थंड कानाला लागली, तो जागच्या जागी थिजला. तिनं ती परत आलेली चिठ्ठी खिडकीच्या चौकटीवर ठेवली, १४१२ खोडलं आणि वर १५६३ लिहिलं, इतकं दाबून की टोक मोडलं. मग मोडकी पेन्सिल त्याला परत दिली.

बाहेर पाऊस थांबला होता. फाटकापाशी तो उभा राहिला, टोपी हातात फिरवत. परतीची गाडी चारची होती. आता पडताळायला काही उरलं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

“भूक लागलीय?” हेस्टरनं विचारलं. तिच्या आवाजात अजून धार होती.

“हो.”

“किती?”

तो लाल झाला. “सांगायची लाज वाटेल इतकी.”

“आमच्या घरी भुकेची लाज धरत नाहीत,” ती म्हणाली, आणि फाटक उघडून त्याच्यासाठी धरून उभी राहिली.