ढावल्याची वायर

मोबाइल खिशात ठिवा पोट्टेहो, उजेड नको. आन हसू नको हरीओम. आसेगावजवळच्या तांड्यावरचा रूपला मले खोटं सांगत नाई. औंदाच्या अक्षय तृतीयेच्या आदल्या रातची गोष्ट हाये.

त्या दिवशी रूपला कारंज्याले वायर आनाले गेला होता. त्याची घरगाडी पायली ना तुमी? जुनी मिनीबस. सीटा काढून आत बाज टाकली, गॅस बसवला. हार्वेस्टरच्या कामावर तो आन त्याची बायको सीता त्यातच राहत. गेल्या साली सीता तापानं गेली. आन आता धाकल्या सुचिताची पाठवनी, दुसऱ्या दिवशी सकाळी.

बंजाऱ्यात पोरगी निघाच्या आंधी मायच्या गळ्यात पडून ढावलो गाते. गानं कायचं, रडनंच ते. माय बी गाते. दोघी सोडत नाईत एकमेकीले. मंग बाप येऊन त्यायचे हात सोडवते, तवा पोरगी निघते. सुचिता अडून बसली. मावशी नाई, काकू नाई. "याडीच्याच गळ्यात रडीन. नाई तं जात नाई." आई म्हनजे याडी त्यायच्यात.

रूपलाजवळ सीताचा ढावलो होता, थोरल्या निकिताच्या लग्नातला. गाने वाजवाच्या एका बोटभर डबीत भरलेला. डबीले सोताचा आवाज नाई, म्हनून वायर. एक टोक डबीत, एक गाडीच्या टेपात.

जेवनं झाल्यावर दोघं गाडीत बसले. तो पुढं टेपाजवळ, पोरगी मांगं बाजेवर, अंधारात. वायरची पिन ढिली होती. त्यानं बोटानं दाबून धरली आन सीता गाऊ लागली. सुचिता हमसून हमसून साथ देऊ लागली. रूपलाचे डोळे भरून आले. लय बरं वाटलं त्याले.

मंग त्याच्या ध्यानात आलं. ढावल्यात माय पोरीचं नाव घेते. ह्याच्यात निकिताचं नाव पायजे...

सीता सुचिताचं नाव घेऊन राह्यली होती.

त्याचं बोट सुटलं. पिन निघून पायावर पडली.

गानं चालूच.

आता टेपातून नाई... मांगून. बाजेवरून.

"सुचे?"

...

"सुचे, बोल ना वं..."

पोरीचा आवाज येईना. नुसती घरघर. गळा आवळल्यावानी.

काय रे हरीओम? थांब ना लेका. पानी दे मले.

तवा त्याले समजलं, आपन काय ईसरलो. रडाले बोलावलं सीताले. सोडवाले कोन? ते तं त्याचंच काम होतं.

मांगं पाहाची हिंमत नव्हती. डोळे मिटूनच गेला. चाचपलं. पोरीच्या मानेमांगं हात लागले. थंडे. त्यानं एक एक बोट सोडवलं.

"जाऊ दे सीते... तिले तिचं घर हाये. मी हाय ना इथं. मी कुठी जात नाई..."

हात सुटले.

सुचितानं मोठ्ठा श्वास घेतला. सकाळी सासरी गेली. सुखात हाये.

रूपला मातर तवापासून गाडीतच झोपते. घरात ये म्हटलं तं नाई म्हनते. काहून, ते सांगत नाई. काल मी तिकून आलो. पौषाची थंडी, अंगावर काटा येत होता. रूपला नुकताच उठून बाहेर आला होता, पाठमोरा उभा. सदऱ्याच्या डाव्या खांद्यामांगं, कोनी गळ्यात पडून रडलं की भिजते ना, तेवढी जागा ओलीचिंब होती.

बाकी सदरा कोरडा.