उजवी बाजू वर

असल्या गोष्टी सांगताना लोक आवाज बारीक करतात, डोळे मोठे करतात. मला ते जमत नाही. सांगलीत उभी हयात खानावळ चालवली. पातेल्यांच्या वर जाईल असा माझा आवाज. तेव्हा दिवा जरा जवळ घ्या आणि आहे तशी ऐका. त्या दुपारी मी निघाले होते ती फक्त नातीला अंघोळ घालायला.

मुलगा प्रसन्न जपानात कॉम्प्युटरच्या नोकरीवर. तोक्योच्या एदोगावा भागात त्याचं खोक्याएवढं घर, घरात सून मिताली आणि पाच वर्षांची नुपूर. थंडी सरताना मी त्यांच्याकडे गेले आणि मे निम्मा होईपर्यंत राहिले. पण नुपूर मला 'बाआचान' म्हणायची. अर्थ आजीच, पण त्यांच्यातली. मी मराठीत विचारायचं, तिनं जपानीत उत्तर द्यायचं आणि मितालीनं मधे बसून सांगायचं. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी एकटीनं वाचायला शिकले, भाषेला मी भीत नाही. पण स्वतःच्या नातीशी दुभाष्या घेऊन बोलायचं?

"एकदा आजी म्हण गं," मी रोज सांगायची.

"बाआचान," ती हसून म्हणायची.

"आई, मागे लागू नकोस तिच्या. म्हणेल कधीतरी," प्रसन्न म्हणायचा.

माझं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. कधीतरी म्हणजे कधी?

मेच्या सुट्टीत त्यानं आम्हाला शिझुओकाकडच्या डोंगरात नेलं. चहाच्या मळ्याच्या एका बड्या मालकाचा जुना वाडा, त्याचं आता भारी हॉटेल झालेलं. काळ्या लाकडाच्या तुळया, मऊ गवती चटया, बागेत कापून गोल केलेली झाडं. पूर्वी जिथे चहाची पानं वाफवायचे, तिथे आता बायकांना वाफवत होते. मितालीनं तिथे अंगाला चहाची पानं चोळून घ्यायचं ठरवलं होतं.

"चहा प्यायचा सोडून अंगाला?" मी म्हटलं.

"आई, तुम्ही पण चला ना. त्वचा तुकतुकीत होते."

"आता तुकतुकीत होऊन कुणाच्या लग्नात मिरवू?"

ती हसत गेली. प्रसन्न आडवा झाला तो घोरायलाच लागला. नुपूरला मात्र गरम पाण्याच्या झऱ्याचं मोठं न्हाणीघर बघायचं होतं. तिथे जायचं तर हॉटेलनं दिलेला सुती अंगरखा घालायचा. युकाता म्हणतात त्याला. पुढून उघडा, लांब, वर कमरेला पट्टा. आमच्या खोलीची देखरेख करणारी मात्सुए-सान नावाची बाई गुडघ्यावर बसून तो मला घालून द्यायला पुढे झाली.

मी तिचा हात बाजूला केला. जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला ही पोर कापड गुंडाळायला शिकवणार? तिनं घाईघाईनं काहीतरी सांगितलं, छातीशी हातवारे केले. मी तिला बाहेर घालवून दार सरकवलं.

आपला पदर कसा येतो? उजवीकडून छातीवरून डाव्या खांद्यावर. तसाच मी तो युकाता नेसले. डावी बाजू आत, उजवी तिच्यावर ओढून घेतली, वरून पट्टा करकचून बांधला. नुपूरलाही तसंच नेसवलं. आरशात बघितलं, दोघी झकास दिसत होतो.

न्हाणीघराकडे जायला बागेवरून एक लाकडी पूल होता. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि डोंगरावरून धुकं उतरत होतं, दुधावरची साय सरकावी तसं. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा माळी पानं झाडत होता. त्यानं आम्हाला पाहिलं. नजर आमच्या छातीवर आली आणि तिथेच अडकली. मग खराटा खाली ठेवून तो बाजूला झाला आणि हात जोडून इतका वाकला, इतका वाकला, की आम्ही पुढे गेलो तरी वर होईना.

मी म्हटलं, चला, या देशात माझं वय ओळखणारा एक तरी भेटला.

पुलाच्या मध्यावर गाणं ऐकू आलं. बायकांचं गाणं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी शेवट धरायचा. पुलाला लागूनच चहाच्या रांगा चढत गेल्या होत्या आणि धुक्यात पांढरी डोकी हलत होती. डोक्याला फडकी, बाह्या लाल पट्ट्यांनी वर बांधलेल्या, कमरेला टोपल्या. कोवळी पानं खुडत होत्या. ताज्या पानाचा तो वास... हिरवा, थोडा कडवट, नाकात थंडगार.

एकीनं मान वर केली आणि आम्हाला हात केला. नुपूर कठडा संपतो तिथून सुटली ती थेट त्यांच्यात. अंघोळ राहिली बाजूला.

खरं सांगू? तशी दुपार मला पुन्हा मिळाली नाही. त्यांनी नुपूरच्या कमरेला इवलीशी टोपली बांधली. मला दोन बोटांत पान कसं धरायचं ते दाखवलं. एकीनं माझ्या जाड अंगठ्याकडे बघून काहीतरी टोमणा मारला, सगळ्या खिदळल्या. शब्द कळला नाही, पण टोमणा मला कुठल्याही भाषेत कळतो.

"हो, जाड आहे! गावाला जेवू घातलंय या अंगठ्यानं," मी म्हटलं. त्या आणखी हसल्या.

त्यांचं गाणं आणि आमच्या जात्यावरच्या ओव्या, चाल अगदी जुळती. मला राहवेना. मी सूर लावला,

"हिरव्या डोंगराला धुक्याचा गं पदर
परमुलखी आले बाई, करा माझा आदर..."

आणि त्यांनी शेवट धरला! 'आदर'चा 'र' त्यांना नीट जमेना, पण ठेका चुकला नाही. नुपूर टाळ्या वाजवत रांगेतून नाचत होती. एवढ्यात माझं लक्ष त्यांच्या कपड्यांकडे गेलं. सगळ्यांची उजवी बाजू वर होती. अगदी आमच्यासारखी. मी मनात म्हटलं, बघा, मीच बरोबर होते! ती मात्सुए उगाच शहाणपणा करत होती.

मग हळूहळू एकेक गोष्ट खटकू लागली. माझा युकाता ओल्या झुडपांनी गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्यांचे कपडे कोरडे. मी पान खुडलं की टिक् असा आवाज यायचा. त्यांच्या बोटांचा येत नव्हता... इतके हात भराभर चालले होते, आणि टिक् फक्त माझी.

वर कुठेतरी लाकडावर लाकूड आपटल्याचे ठोके झाले. गाणं तुटलं. सगळ्या ओळीनं खाली उतरू लागल्या. खाली धुक्यात एक लांबलचक, बुटकं छप्पर दिसत होतं, मघाशी ते दिसलं नव्हतं. वास पालटला. पानांचा जाऊन ओल्या मातीचा आला, खोल खणल्यावर येतो तसा.

आणि त्यांच्यामध्ये, एकीचा हात धरून, नुपूर चालली होती.

"नुपूर!"

तिनं मागे बघितलं नाही.

"नुपूर, इकडे ये..." माझा आवाज. पातेल्यांच्या वर जाणारा. धुक्यानं तो कापसासारखा गिळला.

मी धावले. या गुडघ्यांनी धावले. एकेक बाई त्या दारातून आत जात होती आणि आत दिसेनाशी होत होती, कारण आत काहीच नव्हतं. खोली नव्हती, अंधारही नव्हता, नुसती माती. उंबऱ्याशी मी पोरीचा दंड धरला. दुसरा हात त्या बाईच्या हातात. त्या बाईच्या बोटांना माझं बोट लागलं. विहिरीच्या तळाचा दगड असतो ना... तसं.

दारात त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी उभी होती. माझ्याच वयाची असेल. चेहऱ्यावर माझ्यासारख्याच आठ्या, हुकूम देऊन देऊन पडलेल्या.

"माझी नात आहे ती," मी म्हटलं. "मला न्या हवं तर. तिला सोडा..."

म्हातारीनं नुपूरच्या छातीकडे बघितलं. मग माझ्या. आणि तोंडावर हात धरून ती हसायलाच लागली. हसता हसता आत वळून काहीतरी म्हणाली, तशी आतली मातीही हसली. खूप बायका एकदम हसाव्यात तशी.

ती खाली बसली. नुपूरचा पट्टा सोडला, टोपली काढून घेतली. युकाता उघडून उजवी बाजू आत घातली, डावी वर घेतली, पट्टा बांधून त्याची छोटी गाठ डाव्या कुशीला खोचली. मग पोरीच्या पाठीवर चापटी मारून तिला माझ्याकडे ढकललं. पळ घरी, असं.

नंतर ती माझ्याकडे वळली. हात माझ्या पट्ट्यापर्यंत आला. तिथे थांबला. तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, वाणी तराजूच्या काट्याकडे बघतो तसं. आणि हात मागे घेतला. माझा युकाता होता तसाच ठेवला. फक्त वाकून नमस्कार केला, शेजारणीला करतात तसा, आपुलकीनं.

धुकं आलं आणि गेलं. छप्पर नव्हतं. शेवाळलेली दगडी भिंत होती, तिच्या पायाशी एक उभा दगड, दगडापुढे ताजी फुलं.

माझा हात कुणीतरी ओढला.

"आजी, चल ना गं. मला थंडी वाजतीय."

मराठीत. सांगलीच्या हेलात! मी तिथेच चिखलात बसले, तिला कवटाळलं आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

खोलीवर मिताली मात्सुएशी बोलत उभी होती. मात्सुएनं मला बघितलं, किंचाळली आणि धावत येऊन माझा पट्टा ओढू लागली.

"आई, उजवी बाजू वर फक्त... फक्त गेलेल्या माणसांना घालतात म्हणे," मिताली चाचरत म्हणाली. "ती मघाशी तेच सांगत होती."

मात्सुए माझी घडी बदलत होती. मग तिची नजर नुपूरच्या कुशीतल्या गाठीवर गेली आणि तिचे हात थांबले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, ही गाठ कुणी बांधली? पानं खुडायला येणाऱ्या बायका अशी बांधायच्या. तिच्या आजीच्याही आधी. भिंतीपाशी त्यांची राहायची जागा होती. एका मेमध्ये डोंगर खाली आला..."

"आजीच्या मैत्रिणीनं बांधली," नुपूर म्हणाली. मराठीत. मिताली माझ्याकडे बघतच राहिली.

तेव्हापासून फोनवर तोच हेल, तेच 'आजी'. प्रसन्न म्हणतो, आई, काय जादू केलीस? मी म्हणते, पाठीत एक चापटी.

तो युकाता मी हट्टानं मागून आणला. ट्रंकेत आहे. मात्सुएनं शिकवली तशी, डावी बाजू वर, घडी घालते. आणि मे महिन्यात ट्रंक उघडते तेव्हा उजवी बाजू वर आलेली असते. मी पुन्हा बदलते. येईन म्हणावं, घाई कसली आहे? ओव्या पुष्कळ राहिल्यात.

फक्त घडीच्या आत चहाचं एक कोवळं पान असतं. दर वर्षी. सांगलीच्या त्या उन्हाळ्यात, बंद ट्रंकेत... ओलं.