भालदार म्हणाला, हात स्वच्छ

सगळ्यांचे हात स्वच्छ होते, तरी साथ पसरली. ती आली कुठून, हे सड्यावरच्या वसाहतीत कुणालाच उमगत नव्हतं.

समुद्राने किनाऱ्यावरचं गाव गिळलं, तेव्हा कोळीवाड्यातली माणसं वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर) राहायला आली. खाली नजर पोचणार नाही एवढं पाणी, आणि वर प्यायलासुद्धा मोजून. म्हणून सभेने ठरवलं, की सामुदायिक स्वयंपाकघरातला हात धुण्याचा नळ बंद करायचा आणि दाराशी एक यंत्रमानव उभा करायचा. तो प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझर (अल्कोहोल असलेलं जंतुनाशक) सोडी, ते बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लागलं का ते पाही आणि खणखणीत आवाजात म्हणे, "हात स्वच्छ." या ललकारीवरूनच त्याचं नाव भालदार पडलं. फ्लूची साथ सगळ्या जिल्ह्यात फिरली पण वसाहतीत शिरली नाही, तेव्हा लोकांनी त्याला हारही घातला होता.

आणि मग उलट्या-जुलाबांची साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. म्हातारे धाकटूबाबा तर गेलेच. सगळे त्या स्वयंपाकघरात जेवले होते ते हेमांगीच्या आईच्या, नर्मदाच्या हातचं. पाण्याच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातालाच दोष आलाय. आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं.

तेव्हापासून नर्मदा पायरीवर हात पदरात गुंडाळून बसून होती. आत तिचा धाकटा, ओजस, सगळ्यांच्या आधीपासून आजारी. मीठ-साखरेचं पाणी त्याच्या पोटात घोटघोट जायलाच हवं होतं, आणि आईखेरीज कुणाच्या हातून तो ते घेईना. हेमांगीने चमचा पुढे केला, की ओठ घट्ट मिटून घ्यायचा. त्याचे डोळे खोल गेले होते. सकाळी तो रडत तरी होता. आता तेही थांबलं होतं. आणि आई आत यायला तयार नव्हती.

आईचा दोष नाही हे सिद्ध झालं, तरच ती उठणार. साक्षीदार एकच होता. हेमांगी भालदारापुढे जाऊन उभी राहिली.

"आईचे हात स्वच्छ होते ना? तूच म्हणायचास."

"सॅनिटायझर नीट लागलं होतं," भालदार म्हणाला. "मी तेवढंच पाहतो. साथ मात्र त्याच हातांतून पसरली असावी."

त्याला एक लाथ घालावी असं हेमांगीला वाटलं. पण लोखंडाला लाथ घालून आपलाच पाय दुखतो, म्हणून तिने विचारलं, कशी काय?

भालदार सांगत गेला. सगळे विषाणू (जिवंत पेशीत शिरूनच वाढणारे अतिसूक्ष्म रोगकारक) एका घाटाचे नसतात. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोलने ते फाटतं, विरघळतं, आणि विषाणू निकामी होतो. या उलट्या-जुलाबांच्या विषाणूला ते आवरणच नाही. त्याच्यावर असतं प्रथिनांचं (अंड्यातला पांढरा बलक ज्याचा असतो, त्याच जातीच्या पदार्थांचं) घट्ट कवच. त्यावर अल्कोहोलची मात्रा फारशी चालत नाही.

"म्हणजे एक मऊ बोंबील, आणि एक शिंपला घट्ट मिटलेली तिसरी."

"मला दोन्ही ठाऊक नाहीत," भालदार म्हणाला, "पण तसंच असावं."

मग साबण त्याला मारतो का, असं तिने विचारलं. साबणही फारसा मारत नाही, तो म्हणाला. साबण कातडीवरचा तेलकटपणा आणि मळ सुटा करतो. त्याला चिकटलेला विषाणूही सुटतो, आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. मारण्याची गरजच नाही, हातावरून गेला म्हणजे झालं.

"हे नळ बंद करताना का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. आणि ललकारीपलीकडे न विचारता बोलायला मला शिकवलेलं नाही."

हेमांगी घराकडे वळली. आई निर्दोष आहे असं ठोकून देता आलं असतं. पण मग आई त्याच हातांनी पुन्हा सगळ्यांना वाढायला गेली असती. ती पायरीवर आईला लागून बसली आणि तिने सगळं सांगितलं. ओजसच्या पहिल्या उलटीपासून: आईने ते सारं पुसून काढलं, सॅनिटायझर दोनदा चोळलं आणि ती चटणी कालवायला गेली, तिथपर्यंत.

"म्हणजे धाकटूबाबा..."

"बहुतेक हो."

नर्मदाने पदर तोंडाशी धरला. "सांगितलं होतं तसंच केलं गो मी."

"तसंच केलंस. सांगणंच अपुरं होतं. पण आई, तो धुऊन जातो. हातात राहत नाही."

हेमांगीने आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी आणलं. ती बारीक धारेने ओतत राहिली, आणि आई साबण चोळत राहिली, बोटांच्या फटींत, नखांच्या खाली, मनगटापर्यंत, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. कातळावरून फेस ओघळत मोरीत गेला. मग ती उठून आत गेली.

ओजसने डोळे उघडले. पहिला चमचा अर्धा सांडला. दुसरा गेला पोटात. तिसऱ्याला त्याने स्वतःच तोंड उघडलं.

"नळ उघडायला सभा बोलवावी लागेल," नर्मदा चमचा भरता भरता म्हणाली. "माझ्या हातून काय झालं ते मीच सांगेन. विषाणूचं तू सांग, तुला नीट कळलंय. आणि मी मधेच रडायला लागले, तर थांबू नको. सांगत राहा."