उतरू नका

चिमाजींच्या अस्थी रामकुंडावर न्यायच्या होत्या आणि दारात नवी गाडी उभी होती, त्यामुळे जायचं कसं याची चिंता नव्हती. भाऊबंद भल्या सकाळीच टेम्पोने पुढे गेले होते. चांदवडहून नाशिक असं कितीसं लांब? दहाव्याचं सगळं उरकून जेवायला माणूस घरी परत. लताबाईंच्या सुनेने, तेजलने, स्वयंपाकाचा बेतही त्या हिशेबाने ठरवून ठेवला होता.

गाडी मुलाने, अश्विनने, वडील जायच्या थोडे दिवस आधीच घेतली होती. काम पेट्रोल करणार, थोडा हातभार बॅटरी लावणार, आणि उरलेलं सगळं म्हणे गाडी स्वतःच बघणार. क्लच नाही, गिअर आपोआप. थांबली की इंजिन आपोआप बंद. ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप चालू. अंधारात दिवे आपोआप, वेग घेतला की दारं आपोआप लॉक. चिमाजींनी उभी हयात मनमाड लाइनवर काळी-पिवळी जीप चालवली होती. ते या गाडीत एकदाच बसले, ड्रायव्हरच्या सीटवर. डावा पाय क्लच शोधत राहिला, डावा हात गिअर शोधत राहिला. "मालकाला इचारत नाय ती गाडी कसली?" म्हणाले आणि उतरताना दार असं आपटलं की अश्विनचं तोंड एवढंसं झालं. पहिले काही दिवस अश्विनचाही पाय तसाच चाचपडायचा. आता त्याला सवय झाली होती.

चिमाजी कसे होते, हे गावाला विचारलं तर गाव म्हणेल, कडक. गावाला म्हणायला काय जातं? संसार लताबाईंनी केला. पाणी हवं असलं की चिमाजी तोंड उघडायचे नाहीत. बोटातली तांब्याची अंगठी समोर जे असेल त्यावर दोनदा वाजवायचे. टक, टक. दुसऱ्या आवाजाला तांब्या हातात पाहिजे. चाळीस वर्षं लताबाईंचं उत्तर एकच होतं, बरं. एकदा त्याऐवजी भलतंच काही तोंडून गेलं, तर राहुड घाटात भर उन्हात जीप थांबवून त्यांनी एवढंच म्हटलं, "उतर." आणि निघून गेले. पोटात तेव्हा अश्विन होता. लताबाई चालत घरी आल्या, हातपाय धुतले आणि चूल पेटवली. मुलाला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. नवरा गेला तेव्हा त्या चारचौघींसारख्या रडल्या. पण त्या रात्री जी झोप लागली, तशी लग्न झाल्यापासून लागली नव्हती.

या घराण्यात एक रीत होती. अस्थी वाहनातून नेताना गेलेल्या माणसाला वाटेची खबर द्यायची. गाडी थांबली की सांगायचं, थांबलोय, उतरू नका. निघाली की सांगायचं, निघालो, चला. नाही सांगितलं तर मुक्काम आला असं समजून तो उतरतो आणि तिथेच राहतो. बायको मागे असेल तर हे काम बायकोचं.

लाल फडक्यात बांधलेलं गाडगं अश्विनने मागच्या सीटवर ठेवलं. शेजारी लताबाई बसल्या. गाडी लगेच वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

"बेल्ट मागतेय," अश्विन म्हणाला.

"मी तर लावलाय."

"तुझा नाही गं. बाबांचा." त्याला जरा हसू आलं. "एवढुसं गाडगं ते! सेन्सर फारच नाजूक दिसतोय."

त्याने गाडग्याला बेल्ट लावला आणि गाडी गप्प झाली. लताबाईंनी मात्र सीटकडे नीट पाहिलं. मऊ सीट खोलगट दबली होती, चांगला धिप्पाड माणूस बसावा तशी.

पिंपळगावच्या टोलनाक्यावर त्यांचा अगदी जीव मेटाकुटीला आला. गाडी हातभर सरकायची, थांबायची, इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. लताबाई आपल्या दर वेळी, "अहो, थांबलोय, उतरू नका... अहो, निघालो, चला."

"आई, इंजिन बंद पडलं म्हणजे मुक्काम आला असं नसतं. पेट्रोल वाचवते ती."

"मला कळलं रे. त्यांना काय ठावं?"

अश्विनने मान डोलावली. गुणी पोरगा. बापाचा आवाज त्याच्यात उतरला नव्हता, हे लताबाईंचं आयुष्यातलं एकमेव सुख होतं.

ओझरच्या पुढे एका पुलाचं काम चाललं होतं. रस्ता पुलाखालून वळवला होता आणि एका वेळी एकच बाजू सोडत होते. लाल झेंडी आडवी आली. गाडी नेमकी पुलाखाली उभी राहिली. बाहेर लख्ख सकाळ, पण इथे ओल्या सिमेंटचा वास आणि गुडूप काळोख. दिवे आपोआप लागले. इंजिन बंद झालं. इतकं शांत झालं की कुठेतरी टपटपणारं पाणी गाडीत ऐकू यायला लागलं.

"अहो..." लताबाईंनी सुरुवात केली.

आणि त्या गप्प बसल्या.

का, ते सांगायला नको. राहू दे इथंच, त्यांना वाटलं. बसू दे सिमेंटचा वास घेत. मला घाटात उतरवलं होतं ना? त्यांनी ओठ घट्ट मिटले.

शेजारी टक् असा आवाज झाला. बेल्ट आपोआप सुटला आणि सरसर मागे गेला. दार उघडलं नाही. फक्त दबलेली सीट हळूहळू वर आली.

झेंडी हलली, गाडी निघाली. बेल्ट सुटलेला होता, पण आता गाडी वाजली नाही.

लताबाईंनी "निघालो" म्हटलं नाही, "चला" म्हटलं नाही. खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा मागे पळत होत्या. आपण कसलंतरी गाणं गुणगुणतोय, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

रामकुंडावर अश्विनने मुंडण केलं, अस्थी सोडल्या, पिंड ठेवला. कावळे होते, खंडीभर होते. एकही पिंडाजवळ येईना. भाऊबंदांनी सुचवलं ते ते अश्विनने कबूल केलं. आईला सांभाळीन. जीप विकणार नाही. तरी कावळा ढिम्म. लताबाई पदराआड तोंड लपवून बसल्या होत्या. बायकांना वाटलं, रडताहेत. जो इथं आलाच नाही, त्याच्यासाठी कावळा कशाला येईल? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळ्यांना सांगितलं, आता निघा, मागे वळून पाहू नका.

भाऊबंद पंचवटीत दर्शनाला थांबले. मायलेक घरी निघाले. अश्विनचा तुळतुळीत गोटा आणि अंगावर पांढरे कपडे. मागून त्याची मान पाहताना लताबाईंना कसंसंच झालं. एरवी केसांखाली झाकलेली मानेवरची घडी हुबेहूब बापाची होती. आपलाच मुलगा आहे, त्यांनी मनाला बजावलं.

तोच पूल. तीच झेंडी. दिवे आपोआप लागले, इंजिन बंद झालं. पुढच्या गाड्या गेल्या, झेंडीवाला हात हलवत राहिला. अश्विनने ब्रेकवरचा पाय उचलला. इंजिन सुरू झालं नाही.

"काय झालं रे?"

"बघतो. तू बसून राहा आई, उतरू नकोस."

तो खाली उतरला आणि बॉनेट वर केलं. बॉनेटच्या आड तो दिसेनासा झाला. टपटप पाणी पडत होतं. लताबाई वाट पाहत राहिल्या.

बॉनेट धाडकन खाली आलं. दार उघडलं, तो येऊन बसला. पांढरे कपडे, गोटा, मानेवर घडी. त्याने दार आपटलं. अश्विन दार कधीच आपटत नसे.

इंजिन सुरू झालं. गाडी निघाली आणि चारही दारं खटकन लॉक झाली.

टिंग, टिंग, टिंग.

"बेल्ट लाव रे अश्विन..."

लताबाईंनी पुढे वाकून पाहिलं. त्याचा डावा पाय खाली काहीतरी चाचपडत होता. डावा हात नसलेला गिअर शोधत होता.

मागे पाहायचं नसतं. लताबाईंनी पाहिलं.

पुलाखालून एक माणूस धावत येत होता. पांढरे कपडे, तुळतुळीत गोटा, पायात एकच चप्पल. दोन्ही हात हलवत होता. तोंड उघडं होतं. आई म्हणत असावा... काच बंद होती. लताबाईंनी दार ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. दार उघडलं नाही. तो लहान होत गेला आणि मग धुळीत दिसेना.

"थांबवा..." त्या म्हणाल्या. "थांबव" नाही म्हणाल्या. "अहो, थांबवा... पोरगं राहिलं..."

स्टिअरिंगवर आवाज झाला. टक, टक.

अश्विनच्या बोटात अंगठी नव्हती. लताबाईंचा हात मात्र आपणहून बाटलीकडे गेला. त्यांनी बाटली पुढे केली. मागे न पाहता ती घेतली गेली.

पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेलं. टिंग टिंग थांबत नव्हती. समोरच्या पडद्यावर तेजलचं नाव आलं. अश्विनचा मोबाइल गाडीतच राहिला होता. फोन आपोआप उचलला गेला.

"अहो, कुठवर आलात? आईंनी काही खाल्लं का?"

लताबाईंनी तोंड उघडलं. हा अश्विन नाही, दार लावून घे पोरी, एवढंच सांगायचं होतं. आरशात दोन डोळे वर झाले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. लताबाईंनी ओठ घट्ट मिटले, सकाळी पुलाखाली मिटले होते तसे.

टक, टक.

"कसला आवाज येतोय?" तेजल म्हणाली.

"पाणी भरून ठेव," तो म्हणाला.

अश्विन तेजलशी असं कधी बोलला नव्हता. मग तिचा आवाज आला, दबका, जरासा घाबरलेला.

"बरं."